कागद वसुलीचा, प्रश्न मालकीचा

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपलीच ना? खरेदीखत रजिस्टर झाले पण फेरफार राहून गेला, तर व्यवहार पक्का की कच्चा? वडील जाऊन वीस वर्षे झाली आणि उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव आहे, मग धाकट्यांचा आणि बहिणींचा हक्क बुडाला का? महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीबाहेर हे प्रश्न रोज कानावर पडतात. उत्तरे देणारेही तिथेच भेटतात आणि ती उत्तरे बहुधा अर्धीमुर्धी असतात. याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणावर टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती मला मान्य नाही. हे प्रश्न ज्या कागदांना विचारले जातात, ते कागद मुळात या प्रश्नांसाठी निघालेलेच नाहीत. सातबाऱ्याचे घराणे सारावसुलीचे आहे. दुय्यम निबंधकाचे दप्तर निघाले ते दस्त खरोखर झाला की नाही, एवढे टिपून ठेवण्यासाठी. जमीन कोणाची याची हमी घेणारे खाते इंग्रजांनी उभारले नाही, आणि त्यांच्या मागून आपणही उभारले नाही. दोन कागदांच्या मधली ही रिकामी जागा कशी तयार झाली, हे पाहिल्याशिवाय आजचे प्रश्न सुटे होत नाहीत.

इंग्रजांच्या आधी हमी होती, पण ती कागदाची नव्हती, माणसांची होती. मराठी मुलखात शेत कसणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा असे आणि त्याला तो विकता येई. उपरी बाहेरून आलेला, मुदतीने कसणारा. मिरास विकत घेतली की मिरासपत्र होई आणि ते पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार व बलुतेदार यांच्या साक्षीने होई. वाद निघाला तर गावच्या हक्कदारांची गोतसभा बसे, निवाडा होई आणि त्याचा लेख म्हणजे महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, कुलकर्ण्याच्या नावापुढे दौत-लेखणीची. लिहिता न येणाराही आपल्या धंद्याचे हत्यार कागदावर काढून साक्षीला बांधला जाई. शिवेचा तंटा असला तर महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव त्याच्याइतकी कोणाच्या पायाखालून गेलेली नसे. विकणारा नुसता हक्क देत नसे, पुढे कोणी हरकत घेतली तर तिचे निवारण आपण करू असेही लिहून देई. थोडक्यात, मालकी कोणाची हे सांगणारे लोक नावानिशी ठाऊक होते, आणि ते खोटे ठरले तर गावात त्यांना तोंड दाखवायला जागा राहत नसे.

यावर कोणी म्हणेल की हे जुन्या गावगाड्याचे गोडवे झाले. आक्षेप रास्त आहे. गोतसभेत उपऱ्याला फारसे स्थान नव्हते. ज्या महाराच्या साक्षीवर शीव ठरे, त्याच्या पदरात जमीन पडे ती वतनाच्या सेवेची, आणि बाईची निशाणी क्वचितच उमटे. दप्तर एकट्या कुलकर्ण्याच्या हाती राहिल्याने काय होत असे, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगायचे सोडले नाही. ती व्यवस्था न्याय्य होती, असा माझा दावाच नाही. तिच्यात मालकीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर तरी होती, एवढेच मला दाखवायचे आहे. पुढच्या व्यवस्थेने गावाची ही जबाबदारी काढून घेतली आणि ती दुसऱ्या कोणावर टाकली नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कंपनी सरकारची मुख्य चिंता होती ती खजिन्याची. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. इंग्लंडातल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून शिकलेला हा माणूस. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा बसवायचा, असा त्याचा हिशेब. निव्वळ उत्पन्न काढणे कागदावर सोपे असते. प्रत्यक्षात आकडे चुकले, सारा डोईजड झाला आणि इंदापूर भागात लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधली गेली आणि मुंबई इलाख्याची मोजणी पुढे त्याच वाटेने गेली. आज आपण वापरतो ते सर्व्हे नंबर, गुंठे आणि आकार या पद्धतीतून आले.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. मोजणीदाराकडे शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हद्दीवर दगड बसवायचे, बांध राखायचे. त्यानंतर प्रतवारी करणारा येई. तो मातीची खोली आणि रंग पाहून शेताची नऊ प्रतींपैकी एक प्रत ठरवी आणि दोष सापडले तर प्रत उतरवी. शेताचा ‘आकार’, म्हणजे सारा, या प्रतीवरून बसे, आणि तीस वर्षे तो बदलत नसे. काम अत्यंत काळजीचे होते. ते दगड आजही जागेवर सापडतात आणि वकील ते दाखवून दावे जिंकतात. पण एक नंबर केवढा असावा, याचे मुख्य माप होते बैलांची एक जोडी किती जमीन कसू शकते हे. मालकी हे ते माप नव्हते. छोटे छोटे तुकडे त्यासाठी एका नंबरात गोळा झाले. एकाच नंबरात तिघांचे हिस्से असले तरी सरकारच्या लेखी नंबर एक, आकार एक, आणि तो भरणारा एक माणूस. जमीन इंचाइंचाने मोजली गेली आणि ती धरणाऱ्या माणसांची नोंद मात्र वसुलीला लागेल तेवढीच झाली. पुढे पोटहिस्से, फाळणी आणि हिश्श्यांचे नकाशे यांचा जो गुंता आजतागायत चालू आहे, त्याचे मूळ इथे आहे.

ज्याच्या नावे सारा लागे तो खातेदार. जमीन दुसऱ्याकडे गेली की पहिल्याने सरकारला राजीनामा द्यायचा, दुसऱ्याने कबुलायत लिहून द्यायची आणि खाते बदलायचे. यात किंमत किती ठरली, विकणाऱ्याला विकायचा अधिकार होता का, घरातल्या बाकीच्यांचे काय, हे सरकारने विचारायचे कारण नव्हते. सारा द्यायला कोणीतरी बांधला गेला की भागले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेनेही पाया हाच ठेवला. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या तोंडाशी खात्यावरची नावे आणि शेतातली माणसे यांचा मेळ बसेनासा झाला. मेलेल्यांची नावे तशीच राहिली, गहाणदार आणि कुळे तर कुठेच नव्हती. तेव्हा १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा आला आणि १९१३ मध्ये तो महसूल संहितेतच घातला गेला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खाते आणि बारा म्हणजे पीकपाहणी. हा सगळा संच अँडरसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेने घट्ट बसवला. सात आणि बारा हे दोन नमुने एकाच उताऱ्यावर आले, म्हणून सातबारा.

इथे माझ्या मांडणीला पहिला मोठा धक्का बसतो. अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कायदाच सांगतो. ही तरतूद १९१३ पासून संहितेत होती. आज ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ मध्ये आहे. मग सातबारा मालकीचा पुरावा नाही कसा? पुरावा आहेच, पण कशाचा आणि कितपत, ते पाहावे लागते. फेरफार कसा होतो ते आठवा. खरेदीची, वारसाची किंवा बोजाची वर्दी येते, तलाठी ती नमुना सहामध्ये टिपतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या सगळ्या साखळीत विकणाऱ्याच्या आजोबांकडे जमीन कशी आली, हे कोणी तपासत नाही. हरकत आली तरी महसूल अधिकारी कच्चा निर्णय देतो आणि हक्काचा वाद दिवाणी कोर्टाकडे जातो. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे, १९९६ च्या सावरनी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून तर फार स्पष्टपणे. कलम १५७ चे गृहीतक वादाच्या पहिल्या फेरीत उपयोगी पडते. समोरच्याने मूळ दस्त आणून ठेवला की ते गळून पडते.

मग दस्त. नोंदणीचे कायदे १८६४ पासून एकामागून एक आले आणि १९०८ चा आजही चालू आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याने शंभर रुपये आणि त्यापुढच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी, असे ठरवले. दुय्यम निबंधक काय पाहतो? दस्त देणारा खरोखर तोच आहे का, सही आपलीच असल्याचे तो कबूल करतो का, मुद्रांक पुरेसा आहे का, दस्त चार महिन्यांच्या आत आणला का. या खात्याकडून मराठी मुलखाने काय मागितले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात सावकारांची दुकाने फुटली आणि कर्जरोखे जळाले, दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांच्यामागे एक तक्रार अशीही होती की आपण कशावर अंगठा केला हेच कुणब्याला कळत नाही. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावपातळीवर नोंदणी करणारे नेमले, म्हणजे रोखा त्यांच्यासमोर वाचून मगच अंगठा व्हावा. नोंदणी ही अशी फसव्या अंगठ्यावरची तोड होती. विकणाऱ्याकडे विकण्याजोगे काही आहे का, हे पाहणे तिच्या कक्षेत नव्हते आणि आजही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द केला. विकणाऱ्याने आपली मालकी दाखवली नाही तर नोंदणी नाकारण्याची मुभा तो नियम देत होता. नोंदणी अधिकाऱ्याला मालकी तपासण्याचे कामच कायद्याने दिलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. अनेकांना हा निकाल धक्कादायक वाटला. इतिहास पाहता तो अगदी सरळ आहे. दुसऱ्याची जमीन मी तुम्हाला रीतसर मुद्रांक भरून, फोटो काढून, अंगठा देऊन विकू शकतो. दस्त नोंदला जाईल, ‘इंडेक्स टू’ हा नोंदणीचा उतारा हाती येईल, आणि तुमच्या पदरात पडेल ते माझ्याकडे होते तेवढेच, म्हणजे शून्य.

दुसरा आक्षेप पहिल्याहून वजनदार आहे आणि तो मराठी शेतकऱ्याच्या अनुभवातून येतो. सातबारा नुसता वसुलीचा कागद असता, तर त्याने लाखो कुळांना जमिनी कशा मिळवून दिल्या? १९४८ चा कूळकायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन घ्या. त्या दिवशी कायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. कूळ कोण, हे पाहायला हाताशी होता तो नमुना सात-अ आणि पीकपाहणीचा बारा. मालकीचा कुठलाही दस्त नसलेल्या माणसाला या नोंदींनी मालक केले, हे खरेच आहे. पण ही किमया नोंदीची नव्हती. ती कायद्याची होती. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, कुळाने ती भरायची आणि मग कलम बत्तीस-म चे प्रमाणपत्र मिळायचे. मालकीचा कागद तो. नोंद ही तिथपर्यंत नेणारी पायरी. आणि नोंदीत काय असावे यावरून त्या काळात किती ओढाताण झाली, ते अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी आपल्या पाहणीच्या १९५७ च्या अहवालात मांडले. कुळांनी ‘स्वखुशीने’ सोडलेल्या जमिनींचे प्रमाण पाहूनच त्या खुशीबद्दल शंका यावी. जमीनमालकांना कायद्याच्या आधी कळले होते की पीकपाहणीच्या रकान्यात कोणाचे नाव येते यावर सारे अवलंबून आहे. म्हणून कित्येक उताऱ्यांवरून कुळांची नावे वेळेत गेली. सातबारा त्या दशकात मालकीच्या तोलाचा झाला तो तेव्हाच्या राजकीय निर्णयामुळे, आणि असा निर्णय रोज होत नसतो.

पुढे कुळांचा प्रश्न मागे पडला, पण रकाने तेच राहिले आणि त्यांत घरातलीच माणसे अडकली. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सरकारला सारा देणारा एक जण हवा होता, म्हणून ही सोय. त्या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच की जमीन सर्वांची आहे आणि नाव एकाचे आहे. पिढी बदलली की मात्र नाव असणारा स्वतःला मालक समजू लागतो. अक्षरे नव्या उताऱ्यावर उतरवताना कधी गळली, तर समजुतीला कागदाचा आधारही मिळतो. बहिणींचे तर त्याहून वाईट. वारसनोंदीत मुलांची नावे भोगवटादार म्हणून आणि मुलींची ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायची पद्धत वर्षानुवर्षे चालली. तो रकाना बोजाचा, कर्जाचा, विहिरीच्या पाण्याच्या हिश्श्याचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वारसा कायद्यात मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केले, तरी कित्येक नावे त्या रकान्यातून हलली नाहीत, आणि हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरतीच माहेरची आठवण काढली जाते. म्हणून सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की नाव उताऱ्यावर नसल्याने धाकट्याचा किंवा बहिणीचा हक्क बुडत नाही. पण ते नाव नसताना जमीन विकली गेली, तर तो हक्क परत मिळवायला कोर्टात काही वर्षे घालवावी लागतात, आणि तेही वेळेत गेलात तर.

मराठवाड्यात आणि गोव्यात तपशील वेगळा आहे. निजामाच्या मुलखात इलाख्याचा हक्कनोंदणीचा कायदा लागू नव्हता. तिथे आजही जुन्या हक्काचा शोध १९५४-५५ च्या खासरा पत्रकापाशी जातो. गोव्यात पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेने मिळकतीचे वर्णन आणि तिच्यावरचे हक्क एका दप्तरात आणले होते, म्हणजे मालकीच्या प्रश्नाला हात घालणारी पद्धत तिथे होती. मुक्तीनंतर १९६८ ची महसूल संहिता आली, मोजणी झाली आणि एक-चौदाचा उतारा सुरू झाला. आज गोंयकाराला दोन्ही दप्तरे पाहावी लागतात, आणि ती नेहमी जुळतात असे नाही.

शेवटचा आक्षेप नव्या काळाचा. आता सगळे ऑनलाइन झाले, डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, ई-पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो, गावठाणात ड्रोन फिरले आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या, मग जुने रडगाणे कशाला? या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांनी हेलपाटे वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून मृतांच्या जागी वारसांची नावे लावायला सरकार निघाले, तेही चांगलेच. पण १९०३ चा कायदा ज्या दुखण्यावर आला होता, त्याच दुखण्यावर १२२ वर्षांनी मोहीम काढावी लागते, यात काय ते आले. डिजिटल सही सांगते की ही प्रत दप्तराबरहुकूम आहे. दप्तर खरे आहे असे ती सांगत नाही. हमी द्यायचीच तर तिची रीत जगाला माहीत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी ती घातली. नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि नोंद चुकल्याने कोणाचे नुकसान झाले तर भरपाई सरकारच्या निधीतून. आपल्याकडे हे अशक्य आहे, असे अधिकारी सांगतात. एकत्र कुटुंबे, तोंडी वाटण्या, मोडीतली दप्तरे, कोर्टात तुंबलेले दावे, सगळे खरे. नव्या वसाहतीत पाटी कोरी होती, इथे ती चारशे वर्षे लिहिली जाते आहे. मला मात्र अडचण तिथे दिसत नाही. चूक झाली तर पैसे कोण देणार, या प्रश्नाला सरकारचे उत्तर नाही, ही खरी अडचण आहे. मिरासपत्र लिहून देणाऱ्याला ते उत्तर द्यावे लागत होते.

तोवर एवढे तरी करावे. प्रत्येक डिजिटल सातबाऱ्याच्या तळाशी ठळक अक्षरांत छापावे, की हा कागद महसुलाच्या नोंदीचा आहे आणि यावरील नोंदीने मालकी ठरत नाही. आणि जमीन घेणाऱ्याने नुसत्या उताऱ्यावर बयाणा देऊ नये. उताऱ्यावर फेरफारांचे जे क्रमांक लिहिलेले असतात, ते सगळे फेरफार काढावेत, मागच्या तीस वर्षांचा शोध निबंधकाच्या दप्तरात घ्यावा, आणि विकणाऱ्याच्या बहिणी कुठे दिल्या आहेत ते विचारावे.